स्वर्गाचे अर्धे वाक्य

मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका रिसॉर्टच्या स्वागतकक्षात मार्क ट्वेनच्या नावाने एक वाक्य सोनेरी चौकटीत लावलेले आहे. आधी मॉरिशस निर्माण झाले आणि मग त्यावरून स्वर्ग बेतला गेला, असा त्याचा मथितार्थ. बेटावर उतरल्यापासून हे वाक्य मला तिसऱ्यांदा भेटत होते. पर्यटन-पुस्तिकांचे तर ते जणू नांदीचे पदच झाले आहे.

ट्वेन १८९६ साली या बेटावर येऊन गेला आणि १८९७ साली त्याचे 'फॉलोइंग द इक्वेटर' हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. मूळ पुस्तक उघडले की दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही, की हे मत ट्वेनचे नाहीच. बेटावरच्या एका रहिवाशाकडून ऐकलेले मत म्हणून तो ते नोंदवतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लगेच पुढे तो दुसऱ्या एका रहिवाशाला बोलायला लावतो, आणि हा दुसरा गृहस्थ म्हणतो की यात अतिशयोक्ती आहे. पोर्ट लुईस आणि क्यूरपीप ही गावे काही स्वर्गाच्या कसोटीला उतरत नाहीत. ट्वेनचा सगळा उपरोध या दोन मतांना शेजारी बसवण्यात आहे. पर्यटन-व्यवसायाने त्यातले पहिले मत उचलले, दुसरे वगळले आणि पहिल्याखाली ट्वेनची सही ठोकून दिली.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हा प्रकार नवा नाही. संदर्भातून तोडलेल्या अवतरणांवर आपल्याकडे कित्येक भाषणे आणि काही प्रबंधही उभे आहेत. परंतु त्या दिवशी, चौकटीतल्या त्या वाक्याखाली उभी राहून मनगटावर कागदी पट्टा बांधून घेताना, मला असे वाटून गेले की बेटावरचा हा निवांत दिवस म्हणजेसुद्धा एक अर्धे वाक्यच आहे. उरलेले अर्धे कुठे आहे, ते कुणी लिहिले आणि मराठी प्रवासवर्णनाने ते लिहिण्याचा कधी प्रयत्न केला का, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे.

*

प्रथम पहिल्या अर्ध्याशी प्रामाणिक राहायला हवे. तो दिवस सुखाचा होता, हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही. मुलीने हौसेने 'डे पॅकेज' घेतले होते. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. त्यात दुपारचे जेवण, पेंढ्याने शाकारलेल्या छत्रीखालची आरामखुर्ची, दोन टॉवेल आणि काचेच्या बुडाच्या होडीतून प्रवाळदर्शन. चाळीस वर्षांच्या नोकरीत, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवाचून आणि स्वयंपाकघराच्या हाकेवाचून गेलेला असा सबंध दिवस मला आठवत नाही.

कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्र आधी कानांनी ओळखीचा होतो. गाज ऐकू आली की मग वळणावरून पाणी दिसते. इथे मात्र समुद्र पायाशी आहे आणि त्याचा आवाज दूर कुठेतरी आहे. बेटाभोवती प्रवाळांचे कडे आहे. लाटा त्या कड्यावर फुटतात आणि तिथे क्षितिजाजवळ एक पांढरी रेघ सतत हलत राहते. कड्याच्या आतले पाणी उथळ, संथ आणि हिरव्यापासून निळ्यापर्यंतच्या इतक्या छटांचे, की त्यांना नावे देण्याचा मोह सोडून द्यावा लागतो. वाळू पांढरी, कारण ती प्रवाळांच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची. किनाऱ्यावर सुरूची झाडे होती. त्यांना इथे 'फिलाओ' म्हणतात. पण वाऱ्यात त्यांचा जो सूं सूं आवाज होतो तो हुबेहूब गुहागरच्या किनाऱ्यावरचा.

सोबत मी अभिमन्यु अनत यांची 'लाल पसीना' ही कादंबरी नेली होती. अनत (१९३७–२०१८) हे मॉरिशसचे हिंदी लेखक. १९७७ सालची ही कादंबरी या बेटावरच्या उसाच्या मळ्यांत राबलेल्या भारतीय मजुरांची कथा सांगते. रिसॉर्टच्या छत्रीखाली नेमके हेच पुस्तक वाचण्यात, आपण कसे जागरूक प्रवासी आहोत हे स्वतःलाच दाखवण्याची हौस असावी. विसाव्या पानाच्या आसपास मला झोप लागली. जागी झाले तेव्हा पुस्तक छातीवर उपडे होते आणि कुणीतरी छत्री सरकवून माझ्यावर सावली केली होती.

ते 'कुणीतरी' कोण, हे मी त्या वेळी पाहिले नाही. दिवसभरात असे 'कुणीतरी' बरेच होते. सकाळी आम्ही आलो तेव्हा वाळूवर फणी फिरवल्यासारख्या समांतर रेषा होत्या. रात्रीत किनाऱ्याला लागलेले शेवाळ आणि सुरूच्या काड्या कुणीतरी दाताळ्याने ओढून नेल्या होत्या. आम्ही त्या रेषांवर पहिली पावले उमटवली आणि, किती अस्पर्श किनारा, असे म्हणालो. व्याकरणात ज्याला कर्मणी प्रयोग म्हणतात, त्याचे साम्राज्य रिसॉर्टमध्ये असते. टॉवेल बदलले जातात, फळे कापली जातात, वाळू विंचरली जाते. कर्ता लुप्त असतो, आणि तो लुप्त राहावा याचेच आपण पैसे मोजलेले असतात.

*

निर्जन बेट ही युरोपीय कल्पनेची आवडती वस्तू आहे. बहुतेक बेटांच्या बाबतीत ती धादांत खोटी असते. तिथे आधीपासून माणसे असतात, आणि कथा लिहिण्यापूर्वी त्यांना कथेबाहेर काढावे लागते. मॉरिशसची गंमत अशी, की इथे ती कल्पना एकदा खरी होती. १५९८ साली डच खलाशी उतरले तेव्हा या बेटावर मनुष्यवस्ती नव्हती. होता तो डोडो पक्षी, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तोही संपला. १६३८ मध्ये डचांनी वसाहत केली, १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ पासून फ्रेंच आणि १८१० पासून इंग्रज, असा १२ मार्च १९६८ च्या स्वातंत्र्यापर्यंतचा क्रम आहे.

म्हणजे या बेटावरचा प्रत्येक माणूस बाहेरून आलेला आहे. आणि मूठभर मालक-अधिकारी, खलाशी आणि व्यापारी सोडले तर तो कामासाठी आणला गेलेला आहे. आधी मादागास्करहून आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरून गुलाम आणले गेले. १८३५ साली गुलामगिरी संपली, पण त्याच्या आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अॅटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजुरांना घेऊन पोर्ट लुईसला लागले होते. पुढील सुमारे पाऊण शतकात साडेचार लाखांच्या घरात भारतीय या मार्गाने आले. त्यांत बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातील भोजपुरी बोलणारे सर्वाधिक, त्यांच्या खालोखाल तमिळ आणि तेलुगू प्रदेशांतले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडील मराठी माणसे होती. ते ज्या धक्क्यावर उतरत त्याला आज 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

या बेटाचा सगळा मानवी इतिहास हा असा श्रमाचा इतिहास आहे. त्यात निव्वळ काही न करण्यासाठी येणारा वर्ग अगदी अलीकडचा, आणि तो आपण. रिसॉर्ट हे उसाच्या मळ्याच्या शेजारी उगवले याला केवळ भौगोलिक योगायोग म्हणता येत नाही. २००६ ते २००९ या काळात युरोपीय संघाने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवला, आणि शतकानुशतके ऊस पिकवणाऱ्या कंपन्यांना आपल्या जमिनीचा वेगळा विचार करणे भाग पडले. २००२ सालापासून परदेशी ग्राहकांना आलिशान बंगले विकण्याची सरकारी योजना होतीच. मळ्यांची काही जमीन गोल्फच्या मैदानांखाली आणि बंगल्यांच्या वसाहतींखाली गेली. साखरेची जागा निवांतपणाने घेतली, आणि दोन्ही माल निर्यातीचेच.

*

या इतिहासापुढे वाङ्मय काय करते? मॉरिशसपुरते बोलायचे तर स्वर्गाचे पहिले चित्र एका कादंबरीने काढले. बर्नार्दँ द सँ-पियेर हा फ्रेंच लेखक १७६८ ते १७७० या काळात या बेटावर राहिला होता. त्याची 'पॉल ए व्हिर्जिनी' ही कादंबरी १७८८ साली आली आणि युरोपभर वाचली गेली. निसर्गाच्या कुशीत वाढलेली दोन निरागस मुले, त्यांचे प्रेम, आणि अखेर किनाऱ्याजवळच्या जहाजफुटीत व्हिर्जिनीचा मृत्यू असे तिचे कथानक. बेट म्हणजे निरागसता, हे समीकरण घडवण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

परंतु याच लेखकाने त्याआधी, १७७३ साली, या बेटाचे एक प्रवासवर्णनही लिहिले होते, आणि त्यात गुलामांच्या हालांचे अतिशय कठोर शब्दांत वर्णन आहे. एकाच लेखणीतून दोन पुस्तके उतरली. जगाने कादंबरी डोक्यावर घेतली, प्रवासवर्णन अभ्यासकांच्या वाट्याला आले. कादंबरीतही दुसरी बाजू पूर्ण पुसलेली नाही. त्या स्वर्गातली शेती दोमँग आणि मारी हे गुलाम जोडपे करत असते. मळ्यावरून पळून आलेली एक गुलाम स्त्रीही कथेत येते, आणि ती भाबडी मुले तिला क्षमा मागण्यासाठी मालकाकडे परत घेऊन जातात. संहिता आपले गुपित सांगत असते. वाचकाला ते ऐकायचे नसते इतकेच. 'पॉल ए व्हिर्जिनी' शिकवताना निसर्ग आणि संस्कृती यांच्या द्वंद्वावर तासच्या तास खर्ची घालणाऱ्या आपण मंडळींनी, त्या बागेला पाणी कोण घालते हा साधा प्रश्न विद्यार्थ्यांना किती वेळा विचारला आहे?

आता आपल्या अंगणात येऊ. मराठीत प्रवासवर्णनाची परंपरा समृद्ध आहे, आणि तिच्या आरंभाजवळच पोटासाठी केलेला प्रवास आहे. विष्णुभट गोडसे घराबाहेर पडले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडण्यासाठी. वाटेत त्यांना १८५७ भेटले आणि 'माझा प्रवास' हे पुस्तक झाले. ते प्रसिद्ध झाले १९०७ साली. पुढे मध्यमवर्गाच्या हाती पासपोर्ट आला आणि प्रवासवर्णन हा पाहण्याचा, कौतुकाचा आणि तुलनेचा प्रकार झाला. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३) या पुस्तकांत या प्रकाराचे सगळे ऐश्वर्य आहे. आणि पुलंची नजर नेहमी माणसांकडे वळते, हे त्यांचे मोठेपण. त्यांच्यानंतर जे पीक आले त्यात मात्र माणसे कमी होत गेली आणि हॉटेले वाढत गेली. दिवाळी अंकांतली अलीकडची बरीचशी प्रवासवर्णने वाचताना लेखक एका वातानुकूलित खोलीतून दुसऱ्या वातानुकूलित खोलीत जातो आहे, आणि मधल्या अंतराला तो देश म्हणतो आहे, असे वाटते.

माझी तक्रार याहून थोडी वेगळी आहे. कुठलाही प्रवासवर्णनकार निघण्याच्या कितीतरी आधी रत्नागिरीच्या माणसांनी हिंदी महासागर ओलांडला होता. त्यांनी प्रवासवर्णन लिहिले नाही. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते नोंदवहीत: नाव, क्रमांक, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण. या नोंदी मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण ताम्रपटांपासून बखरींपर्यंत सर्व लेखनप्रकारांना मानाचे स्थान दिले. मग मराठी माणसाच्या सर्वांत लांबच्या प्रवासाच्या या एकओळी नोंदी आपल्या अभ्यासक्रमाच्या कुठल्याही पानावर का नाहीत? आपल्या प्रवासवर्णनाच्या वाक्याचा हा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो आपणच चौकटीबाहेर ठेवला आहे.

*

इथे एक सोपा मार्ग मोहात पाडतो, तो अपराधभावाचा. मॉरिशसपासून पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला कॅरिबियन बेटे आहेत. तिथलाही इतिहास उसाचा आणि गुलामांचा, आणि आजचा धंदा तोच, वाळू आणि सूर्यप्रकाश यांचा. अँटिग्वा बेटावर जन्मलेल्या जमेका किंकेड यांचे 'अ स्मॉल प्लेस' (१९८८) हे छोटेसे पुस्तक थेट पर्यटकाला 'तू' म्हणून संबोधते आणि त्याच्या सुखाचा एकेक पापुद्रा सोलते. तू ज्या पाण्यात डुंबतो आहेस तिथेच तुझ्या हॉटेलचे सांडपाणी कदाचित येत असेल, इथवर ते जाते. ते पुस्तक वाचल्यानंतर आरामखुर्चीवर पूर्वीसारखे पडता येत नाही, आणि ते तसेच असावे.

परंतु किंकेड यांचा राग उसना घेऊन आपण जेव्हा लिहू लागतो, तेव्हा त्याचे रूप बदलते. त्यांच्या रागामागे जन्मभूमी आहे. आपल्या अपराधभावामागे परतीचे तिकीट असते. रिसॉर्टमध्ये दिवस घालवायचा आणि घरी येऊन त्यावर खेदाचा लेख लिहायचा, यात सुखही पदरात पडते आणि पुण्यही. शिवाय अशा लेखनात किनारा झाडणारा माणूस पुन्हा एकदा वस्तूच होतो. आधी तो दृश्यातून वगळलेला असतो, आता तो दुःखाचे प्रतीक म्हणून दृश्यात बसवलेला असतो. त्याला विचारलेले काहीच नसते.

हा धोका सर्वांत स्पष्टपणे ओळखला तो डेरेक वॉलकॉट यांनी, तोही स्वतःची चूक सांगून. सेंट लुशिया बेटाचे हे कवी १९९२ च्या नोबेल व्याख्यानाचा आरंभ त्रिनिदादमधील फेलिसिटी नावाच्या खेड्यातील रामलीलेने करतात. तिथेही मॉरिशससारखेच भारतातून करारबद्ध मजूर गेले होते आणि हे त्यांच्या वंशजांचे गाव. मैदानावरची ती मुले, ते धनुष्यबाण, तो रावणाचा पुतळा पाहताना वॉलकॉट यांना आधी एका हरवलेल्या संस्कृतीचे अवशेष दिसू लागतात. मग त्यांच्या ध्यानात येते की शोक त्यांच्या मनात आहे, मैदानावर नाही. ती मुले कशाचाही विलाप करत नाहीत. ती आनंदाने आणि श्रद्धेने रामलीला करत आहेत. इतिहासाच्या ओझ्याखाली वाकलेला सुशिक्षित डोळा समोरचा सण पाहू शकला नाही, असा तो कबुलीजबाब आहे. त्याच व्याख्यानात ते पर्यटन-पुस्तिकांनाही सोडत नाहीत. म्हणजे जाहिरात एक अर्धे वाक्य उचलते आणि शोकगीत दुसरे अर्धे. दोन्ही अपुरीच राहतात.

*

हे सगळे मला त्या दिवशी सुचले असे मी म्हणणार नाही. पाच वाजता मनगटावरचा पट्टा कापला गेला आणि आम्ही बाहेरच्या रस्त्यावर आलो. पलीकडे ऊस उभा होता. मुलगी आणि जावई टॅक्सीच्या शोधात पुढे गेले आणि मी बसथांब्यावर टेकले. फोनवर बहिणीशी बोलत होते. शेजारी उभ्या असलेल्या पन्नाशीच्या माणसाने, माझे बोलणे संपेपर्यंत थांबून, विचारले, "ताई, तुम्ही महाराष्ट्रातल्या?"

सकाळी दाताळे घेऊन शेवाळ ओढणारा तो हाच. आता अंगात घरचा सदरा होता. त्याचे मराठी थोडे शाळेतले, थोडे आजीचे, आणि मध्ये मध्ये क्रिओल. त्याचे आडनाव हे त्याच्या पणजोबाच्याही आधीच्या कुणाचे तरी पहिले नाव होते; सरकारी दप्तरात ते तसेच लिहिले गेले आणि घराण्याला चिकटले. गाव कुठले ते ठाऊक नव्हते. "रत्नागिरी म्हणतात सगळे," तो म्हणाला, "पण रत्नागिरी मोठी असणार ना?" गणपतीत त्यांच्या गावात झाकरी होते, हे त्याने आवर्जून सांगितले. कोकणातल्या जाखडीचे हे समुद्रापलीकडचे रूप. गणेशचतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते, हे सांगताना त्याला माझ्या चेहऱ्यावर नवल पाहायचे होते. ते त्याला मिळाले.

मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारल्याशिवाय माझ्यातल्या लेखिकेला राहवले नसते. रोज या किनाऱ्यावर राबल्यावर समुद्राचा कंटाळा येत नाही का? त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. "रविवारी आम्ही समुद्रावरच जातो," तो म्हणाला. मग त्याने जे वर्णन सुरू केले ते बस येईपर्यंत चालले होते. सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूखाली सावलीची जागा धरायची तर सकाळी सातच्या आत पोचावे लागते. मेव्हण्याच्या गाडीत बिर्याणीचे पातेले, चटया, बर्फाची पेटी, पोरे. दुपारी मोठी माणसे वाळूवर झोपतात. संध्याकाळी कुणीतरी काटक्या पेटवतो, त्यावर राव्हानचे कातडे शेकवतात आणि सेगा सुरू होतो. आपल्याकडे डफ शेकवतात तसेच हे; राव्हान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचे रुंद चर्मवाद्य आणि सेगा म्हणजे गुलामांच्या वस्त्यांत जन्मलेले नृत्यगीत. (२०१४ साली युनेस्कोने त्याचाही वारसायादीत समावेश केला. रिसॉर्टमध्ये तो रात्रीच्या जेवणाबरोबर मिळतो.) "तुमच्या रिसॉर्टमध्ये नाचतात तसे नाही," तो म्हणाला, "आमची बायको नाचते तसे." आणि स्वतःच हसला.

त्याची तक्रारही होती, पण ती मी शोधत होते ती नव्हती. कामाविषयी तो फारसे बोलला नाही. त्याला राग होता तो सावलीच्या जागा कमी होत चालल्याचा. लहानपणी जिथे तो वडिलांबरोबर जाई, ती सुरूची रांग आता एका कुंपणाच्या आत आहे.

*

मला वाटते, प्रश्नाचा गाभा इथे आहे. मॉरिशसच्या कायद्यात 'पा जेओमेत्रीक' नावाची एक जुनी फ्रेंच संज्ञा टिकून आहे. भरतीच्या रेषेपासून आत किमान ८१.२१ मीटर रुंदीची किनारपट्टी असा तिचा अर्थ. १८९५ सालच्या कायद्याने ती बांधलेली आहे. सरकार या पट्टीतील जमीन भाडेपट्ट्याने हॉटेलांना देते. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू मात्र सर्वांची. त्या दुपारी मी पाहिले होते: एक स्थानिक कुटुंब, हातात बादली आणि प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्याच्या कडेकडेने रिसॉर्टसमोरून चालत गेले. त्यांना कुणी अडवले नाही. पण पहारेकरी त्यांच्याबरोबर, कोरड्या वाळूवरून, शेवटच्या छत्रीपर्यंत चालत गेला. आम्ही खुर्च्यांवरून पाहत होतो. मुलांनी समुद्राकडे तोंड करून चालणे पसंत केले.

विश्रांती हा चैनीचा विषय आहे, असे आपल्या गंभीर समीक्षेने गृहीत धरलेले आहे. श्रमावर लिहिणारा लेखक बांधिलकीचा आणि निवांतपणावर लिहिणारा ललित, अशी आपली वाटणी आहे. ती मोडली पाहिजे असे माझे मत आहे. ज्या बेटावर माणूस केवळ कामासाठी आणला गेला, तिथे त्याच्या वंशजाने रविवारी सुरूखाली काहीही न करता पडून राहणे, ही लहान गोष्ट नाही. तो त्याने मिळवलेला दिवस आहे. पर्यटकाच्या निवांतपणाने त्या दिवसाची जागा खाल्ली, तर तो वाङ्मयाचाही विषय आहे. मजुराच्या घामावर लिहिणे आपल्याला थोडेफार जमले. मजुराच्या विश्रांतीवर आपण लिहिलेले नाही, कारण ती त्याला असते हेच आपल्या ध्यानात आलेले नाही.

किनारा कुणाचा, याचे एक उत्तर २०२० साली मिळून गेले होते. त्या वर्षी २५ जुलैला 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज बेटाच्या आग्नेयेला प्रवाळकड्यावर चढले, आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात पसरले. तेव्हा हजारो सामान्य माणसे किनाऱ्यावर आली आणि कापडाच्या लांब पिशव्यांत उसाची वाळलेली पाने भरून, त्या शिवून, त्यांनी तेल अडवण्यासाठी तरंगते बांध तयार केले. ज्या उसासाठी त्यांचे पूर्वज आणले गेले, त्याच्याच पाल्याने त्यांनी समुद्र राखला. त्या माणसांनी यातला अलंकार पाहिला असेल असे वाटत नाही. पाला जवळ होता आणि घाई होती. अलंकार आपल्याला दिसतो. दिसला तर लिहावा, पण पिशवी शिवणारे हात आधी लिहावेत.

परत आल्यावर मी 'लाल पसीना' विसाव्या पानापासून पुन्हा हाती घेतली आणि ती पूर्ण केली. पुढील वर्षी प्रवासवर्णनाच्या अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्यांशी बोलायची संधी मिळाली तर ट्वेनचा तो उतारा, दोन्ही रहिवाशांसह, फळ्यावर लिहायचा असे मी ठरवले आहे. त्याखाली आप्रवासी घाटाच्या नोंदवहीत असते तशी एक ओळ: नाव, क्रमांक, वय, गाव. आणि त्याखाली रविवारचे ते वर्णन, पातेल्यासह. माझी छत्री कुणी सरकवली होती, हे त्याला विचारायचे राहूनच गेले. बस आली आणि तो चढला; खिडकीतून हात करून म्हणाला, "रविवारी या, ताई. पण सातच्या आत."